नागपूरच्या उन्हात ब्रॉयलरला व्हिटॅमिन: कधी, किती आणि कशातून

एप्रिल लागला की काटोल, कळमेश्वर, उमरेडकडच्या ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, शेडांवर व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि पुड्या येऊ लागतात. वजन वाढेल, मर थांबेल, लस चांगली बसेल, असं प्रत्येक लेबलवर थोड्याफार फरकाने लिहिलेलं असतं. यातलं पहिलं बहुतेक वेळा खोटं, दुसरं अर्धवट खरं, आणि तिसरं वेळ साधली तरच खरं. पूर्ण प्रीमिक्स (खाद्यात घालायचं व्हिटॅमिनांचं तयार मिश्रण) असलेलं खाद्य पोटभर खाणाऱ्या पक्ष्याला वरून दुप्पट व्हिटॅमिन पाजल्याने त्याचं वजन वाढत नाही. व्हिटॅमिन कमी पडलं तर मात्र वाढ खुंटते आणि प्रतिकारशक्ती ढासळते. कमी पडण्याचे प्रसंग एका बॅचमध्ये मोजके असतात: पिल्लं उतरतात तेव्हा, लसीच्या आगेमागे, उन्हाच्या तडाख्यात आणि आजारातून उठताना. पैसा तिथे घालायचा.

आधी पोत्यावरचं लेबल

इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या खाद्यावर कराराने पक्षी वाढवत असाल, तर प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर या वयानुसारच्या तिन्ही खाद्यांत व्हिटॅमिन प्रीमिक्स कंपनीने घातलेलंच असतं. सुपरवायझरला न विचारता वरून काहीही सुरू करू नका. स्वतः खाद्य बनवत असाल किंवा बाहेरून सुटं घेत असाल, तर प्रतिकिलो खाद्यात काय किती पडतंय हे तुम्हालाच माहीत हवं.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरची गरज प्रतिकिलो खाद्यात ए १,५०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), डी३ २०० आययू आणि ई १० आययू अशी दिली आहे. ही प्रयोगशाळेतल्या आरामात असलेल्या पक्ष्याची किमान गरज. शेडमधला पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोवर जातो, गर्दीत राहतो, दोन-तीन लसी झेलतो. म्हणून ब्रीड कंपन्यांच्या पुस्तिकांत ए साधारण १० ते १३ हजार, डी३ चार ते पाच हजार आणि ई ५० ते ८० आययूच्या आसपास सांगितलेलं असतं. तुमचं खाद्य या पट्ट्यात असेल तर रोजच्या बाटलीची गरज नाही.

कोणतं व्हिटॅमिन काय करतं

ए हे अस्तराचं व्हिटॅमिन. श्वासनलिका, आतडं, डोळे यांचं ओलं अस्तर शाबूत असेल तर जंतू आत शिरायला वाट सापडत नाही. रक्ती हगवणीत (कॉक्सिडिओसिस) आतड्याचं अस्तरच सोलून निघतं, त्यामुळे खाद्यात ए भरपूर असूनही अंगी लागत नाही. म्हणून रक्ती हगवणीनंतर ए देण्याला अर्थ आहे, सर्दीची पहिली शिंक ऐकून देण्याला फारसा नाही.

ई पेशींना जळण्यापासून वाचवतं, आणि लढणाऱ्या पेशींना ते जास्त लागतं. त्याचा जोडीदार सेलेनियम. प्रयोगांत प्रतिकिलो १५० ते ३०० मि.ग्रॅ. ई दिल्यावर लसीनंतरची अँटिबॉडी वाढलेली दिसली आहे, पण निकाल सगळीकडे सारखे नाहीत. थंड, कोरड्या, मोकळ्या शेडमध्ये फरक दिसतच नाही. उष्णतेत आणि गर्दीत दिसतो. आपल्याकडे एप्रिल ते जूनच्या बॅचला खाद्यातून १०० ते १५० मि.ग्रॅ. दिलं तर ते पैसे कारणी लागतात. त्यापुढचा खर्च वसूल होणं कठीण.

डी३ हाडांचं म्हणून ओळखलं जातं, पण रोगाशी लढणाऱ्या पेशींवरही त्याचा अंमल चालतो. पडद्याआड वाढणाऱ्या पक्ष्याला ऊन मिळत नाही, त्यामुळे ते खाद्यातूनच आलं पाहिजे. घेताना डी३ च घ्या. कोंबडीला डी२ जवळजवळ निरुपयोगी आहे.

सी कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते. ऐन उन्हात मात्र गरज वाढते आणि बनवलेलं पुरत नाही. बी गटातली व्हिटॅमिनं शरीरात फारशी साठत नाहीत, म्हणून खाणं कमी झालं की सगळ्यात आधी त्यांची चणचण जाणवते.

घरी खाद्य बनवत असाल तर

हिशेब असा. समजा पाकिटावर प्रतिग्रॅम ए ५०,००० आययू लिहिलं आहे आणि तुम्हाला किलोला १०,००० हवं आहे. एका टनाला १ कोटी आययू लागतील, म्हणजे २०० ग्रॅम. डी३ आणि ई यांचा हिशेबही त्याच पाकिटावरून वेगळा करा. ए पुरेसं आलं की ई आपोआप पुरेसं येतं असं नाही. स्वस्त प्रीमिक्समध्ये सगळ्यात आधी कात्री ई ला लागते.

हे २०० ग्रॅम थेट टनभर मालात टाकले तर एका पोत्यात जास्त आणि चार पोत्यांत काहीच नाही अशी गत होते. आधी दोन किलो बारीक मका भरड्यात हाताने नीट मिसळा, मग ते वीस किलोत, आणि तेवढं झाल्यावर मिक्सर अर्धा भरलेला असताना टाका. उभ्या मिक्सरला सगळा माल पडल्यावर साधारण १५ मिनिटं लागतात, आडव्या रिबन मिक्सरला चार-पाच. कोलीन क्लोराइड आणि खनिज मिश्रण प्रीमिक्ससोबत एकाच डब्यात कधीही ठेवू नका. कोलीन हवेतली ओल ओढतं, तांबं आणि लोह व्हिटॅमिन जाळतात. महिनाभरात ए, के आणि बी१ यांचा बराचसा भाग निघून जातो आणि पाकीट दिसायला जसंच्या तसं राहतं. ही दोन्ही मिक्सरमध्ये वेगवेगळी आणि शेवटी टाकायची.

खवट तेल किंवा खवट राइस पॉलिश घातलंत तर तुमचं महागडं ई तिथल्या तिथे खर्ची पडतं. बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने यकृत आणि प्रतिकारशक्ती दोन्ही खराब होतात. त्यावर व्हिटॅमिन हा इलाज नव्हे, मका बदलणं हाच. पावसाळ्यानंतर नवा, ओलसर मका येतो तेव्हा तो दाताखाली कटकन फुटतोय का बघा. दाबला जात असेल तर आधी वाळवा.

साठवणुकीचं सोपं आहे आणि नेमकं तेच चुकतं. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात दुपारी उभं राहवत नाही, तिथे ठेवलेलं प्रीमिक्स आणि खाद्य दोन्ही झपाट्याने उतरतं. पाकीट घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा. उन्हाळ्यात खाद्य पंधरा दिवस पुरेल एवढंच आणा.

पाण्यातून देताना

पाण्यातून व्हिटॅमिन देण्याचा मोठा फायदा म्हणजे उन्हाने किंवा आजाराने खाणं सोडलेला पक्षीही पाणी पितो. पण पाण्यातच ते सगळ्यात लवकर वायाही जातं.

क्लोरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही व्हिटॅमिन जाळतात. पाण्यात सॅनिटायझर असताना सी किंवा ई टाकणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं. आदल्या संध्याकाळी ड्रममध्ये साधं, क्लोरीन न घातलेलं पाणी भरून ठेवा. ब्लीचिंगचं पाणीच हाताशी असेल तर रात्रभर उघडं ठेवल्यावर क्लोरीन बरंचसं उडतं. सकाळी व्हिटॅमिनच्या चार-पाच तासांपुरतं सॅनिटायझर बंद, नंतर पुन्हा सुरू. एरवी शेवटच्या ड्रिंकरवर २ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मि.ग्रॅ.) क्लोरीन मिळालं पाहिजे. ताज्या ३३ टक्के ब्लीचिंग पावडरचे साधारण ९ ग्रॅम हजार लिटरला ३ पीपीएम देतात, पण उघडं राहिलेलं, उन्हात पडलेलं पोतं असेल तर त्यात क्लोरीन किती उरलंय याचा भरवसा नाही. पट्टीने तपासा.

लोखंडी टाकी नको. गंजातलं लोह सी ला खातं. काळी प्लास्टिकची टाकी उन्हात असेल तर तिच्यावर चुना मारा, ओलं गोणपाट टाका, वर छप्पर करा. गरम पाणी पक्षी पीत नाही आणि त्यात सी टिकतही नाही.

कृती अशी. पाइपलाइन आधी जोरात धुऊन काढा. पहाटे पाणी अर्धा तास बंद ठेवा. हिवाळ्यात तासभर चालेल, उन्हाळ्यात अर्ध्या तासापलीकडे नेऊ नका. व्हिटॅमिन एक-दोन लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओता. चार-पाच तासांत संपेल एवढंच पाणी करा. तेलकट ए-डी३-ई चं औषध असेल तर बाटली चांगली हलवा. बेल ड्रिंकरच्या (टांगलेल्या घंटेसारख्या पाण्याच्या भांड्याच्या) कडेला पिवळट, चिकट कडं बसून त्याला तूस चिकटत असेल, तर औषध पाण्यात नीट मिसळत नाही, ते भांड्यालाच लागतंय.

पाइपलाइनला निप्पल (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोट्या) असतील तर शेवटच्या निप्पलखाली पांढरा कप धरून थेंब गोळा करा. बी कॉम्प्लेक्समधल्या बी२ मुळे पाणी स्पष्ट पिवळं दिसतं. पहिल्या निप्पलला पिवळं आणि शेवटच्याला पांढरं, तर अर्ध्या शेडला औषध पोहोचलेलंच नाही. आणि बी२ ला उजेड चालत नाही, म्हणून पारदर्शक कॅन उन्हात ठेवू नका. काम झालं की लाइन पुन्हा धुवा. या औषधांतल्या साखरेवर आणि तेलावर पाइपच्या आत बुळबुळीत थर वाढतो, निप्पल गळू लागतात, लिटर (शेडमधलं तुसाचं अंथरूण) ओलं होतं, आणि मग व्हिटॅमिनमुळेच रोग आला असं व्हायला वेळ लागत नाही.

बॅचचं वेळापत्रक

पहिला दिवस: पिल्लं उतरल्यावर आधी पाणी, मग खाद्य. लांबून आलेल्या पिल्लांना पहिल्या काही तासांपुरतं लिटरला ५० ग्रॅम साखर किंवा गूळ आणि इलेक्ट्रोलाइट. दिवसभर गुळाचं पाणी ठेवलं तर विष्ठा चिकट होते. त्यानंतर तीन दिवस सकाळच्या पाण्यात बी कॉम्प्लेक्स आणि ए-डी३-ई, लेबलवरच्या मात्रेत. ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देण्याच्या जागी) ३३ ते ३५ अंश नसेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. गारठलेलं पिल्लू पोटातला बलक नीट वापरत नाही, आणि आईकडून आलेली अँटिबॉडी त्या बलकातच असते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांखाली जाते, तेव्हा व्हिटॅमिनच्या बाटलीऐवजी एक जादा शेगडी घ्या.

लसी: सर्वसाधारणपणे ५ ते ७ व्या दिवशी राणीखेतची म्हणजे मानमोडीची लस डोळ्यात, १२ ते १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची, २१ ते २८ च्या दरम्यान लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्याच लसीचा, बूस्टर. हॅचरीत काय दिलंय त्यावर हे बदलतं, तेव्हा आपल्या पशुवैद्यकाचं वेळापत्रक प्रमाण माना.

ई-सेलेनियम लसीच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करा आणि नंतर दोन दिवस द्या. लसीच्या दिवशी सकाळी पाजलेलं ई त्या लसीला उशिराच पोहोचतं, कारण पेशींत साठा आधी व्हावा लागतो. लसीच्या पाण्यात मात्र व्हिटॅमिन, औषध, सॅनिटायझर, काहीही नको. सॅनिटायझर ४८ तास आधी बंद करून लसीनंतर २४ तासांनी सुरू करा. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर टाकून वीस मिनिटांनी लस मिसळा. राहिलेलं थोडंफार क्लोरीन दूध पकडतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका, पाण्यात बर्फ टाका, पण तो क्लोरीनच्या पाण्याचा नको. दोन तासांत पाणी संपलं पाहिजे.

ऊन चढतं तेव्हा

तीस अंशांच्या वर पक्षी खाणं कमी करतो. १४० ग्रॅम खाणारा ११० वर आला, तर वजनाबरोबर व्हिटॅमिनही तेवढ्याच हिश्शाने घटतं. उन्हाळ्यात वरून देण्याचं खरं कारण हे आहे. शिवाय धापा टाकताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्ताचं संतुलन बिघडतं आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास मोठे पक्षी पटापट मरतात.

सी ची परिणामकारक मात्रा खाद्याच्या किलोला २०० ते २५० मि.ग्रॅ. धरतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यातले हजार पक्षी दिवसाला १२० किलो खात असतील, तर २५० च्या हिशेबाने ३० ग्रॅम शुद्ध सी लागेल. हे सकाळच्या १०० लिटर पाण्यात द्या. लेबलवर शुद्ध सी चा टक्का बघा. दहा टक्के सी असलेली पावडर ३० ग्रॅम टाकली तर पक्ष्यांच्या वाट्याला तीनच ग्रॅम येतात. सकाळी सात ते अकरा ही वेळ चांगली, कारण दुपारच्या तापल्या पाण्यात सी टिकत नाही. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला की त्याच दिवशी सुरू करा, मर दिसेपर्यंत थांबू नका.

दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट वेगळं द्या. खाण्याचा सोडा आणि सी एका कॅनमध्ये घालू नका. फसफसतं, आणि सोड्याच्या क्षारपणात सी लवकर मरतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खाद्य उचलून ठेवा, पहाटे आणि रात्री दिवे लावून खाऊ घाला. पचनाची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिसळू द्यायची नाही.

आपल्याकडचा मे कोरडा असतो, म्हणून फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फवारे), पडद्यावर पाणी आणि छतावर तणस यांनी शेड खरंच थंड होतं. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात तेच फॉगर उलटे पडतात: पाणी उडत नाही, लिटर भिजतं. तेव्हा फक्त पंखे आणि कमी गर्दी. उन्हाळ्याच्या बॅचला प्रतिपक्षी सव्वा ते दीड चौरस फूट देणं हे कुठल्याही सी च्या डब्याइतकंच कामाचं आहे.

लक्षणं आणि गफलती

दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पिल्लाची बोटं आत वळली आणि ते गुडघ्यावर चालू लागलं तर बी२ ची कमतरता. लवकर दिलं तर सुधारतं, बोटं कायमची वाकली की नाही. चोच रबरासारखी वाकत असेल तर डी३ बरोबर खाद्यातलं कॅल्शियम-फॉस्फरसही तपासा. कातडीखाली हिरवट-निळं पाणी साचणं हे ई आणि सेलेनियमच्या कमतरतेचं ठळक लक्षण.

मान मागे वळून डोकं आकाशाकडे गेलं तर बी१ ची कमतरता असू शकते, आणि ती असेल तर बी१ दिल्यावर काही तासांतच फरक दिसतो. पण मान मुरगळणं, हिरवी हगवण आणि वाढती मर असं एकत्र दिसलं तर व्हिटॅमिन शोधत बसू नका, आधी राणीखेत समजा. तळपायाला फोड दिसले की दुकानदार बायोटिन देतो. त्याआधी मूठभर लिटर दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर लिटर ओलं आहे, आणि दोष त्याचा आहे.

रक्ती हगवणीत अँप्रोलियम चालू असेल तर तेवढे दिवस बी कॉम्प्लेक्स बंद. अँप्रोलियम जंतूला बी१ मिळू देत नाही म्हणूनच काम करतं. तुम्ही वरून बी१ दिलं तर औषधाचाच जोर कमी होतो. कोर्स संपल्यावर ए आणि बी द्या. सल्फाची औषधं चालू असतील तर के मात्र सोबत हवं, नाहीतर रक्तस्राव वाढतो.

दोन ब्रँडची ए-डी३ एकदम देऊ नका. जास्तीचं ए हे डी३ आणि ई ची वाट अडवतं. डी३ जास्त दिवस जास्त गेलं तर मूत्रपिंडात चुना साचतो. सेलेनियम तर खाद्यात एकूण ०.३ मि.ग्रॅ. प्रतिकिलोच्या वर नकोच, आणि प्रीमिक्स, खनिज मिश्रण, पाण्यातलं औषध या तिन्हींत ते असू शकतं. बेरीज करा. टॉनिकच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुडीत अँटिबायोटिक नाही ना, तेही वाचा. कोलिस्टीन या अँटिबायोटिकच्या कोंबड्यांसाठीच्या वापरावर तर २०१९ पासून देशात बंदी आहे.

पैसे वसूल होतात का

नवं औषध घ्यायचं असेल तर शेड जाळीने दोन भागांत वाटा, एका भागाला द्या, दुसऱ्याला नाही. दोन्हींकडे लसी, खाद्य, जागा, पाणी सारखं. दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास पक्षी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पकडून वजन करा, खाद्य वेगळं मोजा, मर वेगळी लिहा. हजार पक्षी दोन किलोचे, म्हणजे २,००० किलो. एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेलं खाद्य) ०.०२ ने सुधारला तर ४० किलो खाद्य वाचलं. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर १,६०० रुपये. औषध त्याहून महाग पडत असेल तर सोडून द्या. इंटिग्रेशनमध्ये खाद्य कंपनीचं असतं, त्यामुळे या बचतीतलं तुमच्या हाती किती येतं हे करारातला एफसीआर बोनस वाचून ठरवा.

आणि मर वाढली तर दुकानात जाण्याआधी ताजे मेलेले दोन-तीन पक्षी आणि दोन-तीन आजारी जिवंत पक्षी घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात जा. मेलेले पक्षी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. सोबत खाद्याचा अर्धा किलो नमुना, लसींच्या तारखा आणि आतापर्यंत पाण्यातून काय काय दिलं त्याची यादी न्या.